ओ आणि एफ यांच्यामधली रेघ

"मॅडम, तोच आहे. बघा ना, सी तर सीवर तंतोतंत बसतोय." डीटीपी करणाऱ्या मुलीने जुन्या प्रमाणपत्राचे स्कॅन खाली ठेवून त्यावर नवी ओळ लाल रंगात चढवली होती, आणि खरोखरच सुरुवातीचा मोठा सी, त्याच्या डोक्यावरचा घोळ, आत वळून थांबलेली शेपटी हे सगळे एकमेकांवर बसत होते. मूळ फाइल कुणाकडेच उरलेली नव्हती. प्रमाणपत्र जुन्यासारखेच दिसावे एवढीच संस्थेची मागणी होती, आणि ती पुरी झाली असे खोलीतल्या सगळ्यांना वाटत होते. मला मात्र 'सर्टिफिकेट ऑफ मेरिट' या तीन इंग्रजी शब्दांच्या मधोमध, त्या एवढ्याशा 'ऑफ'पाशी, काहीतरी खटकत होते. काय खटकते आहे ते विचारले असते तर मला सांगता आले नसते. दोन्हींचा कल सारखा होता, जाडी सारखी होती, एकंदर थाटही तोच होता. तरीही जुनी ओळ सलग लिहिल्यासारखी वाटत होती आणि नवी प्रत्येक शब्दात एकदा तरी श्वास घेत होती.

हस्ताक्षरासारख्या दिसणाऱ्या फॉन्टच्या बाबतीत हे असे नेहमी होते. साध्या छापील वळणाचे दोन फॉन्ट शेजारी ठेवले तर डोळा पटकन एखाद्या खुणेवर जातो: आरचा पाय सरळ आहे की वाकडा, क्यूचे शेपूट गोलाच्या आत शिरते की बाहेरच राहते. लहान जी एकमजली की दुमजली, एवढ्यावरही पुष्कळदा काम भागते. स्क्रिप्ट फॉन्टमध्ये अशी सुटी खूण हाती लागत नाही, कारण तिथे अक्षर सुटे नसतेच. ओळखीचे माणूस पाठमोरे दिसले तरी आपल्याला चालीवरून कळते, पण त्या चालीत नेमके काय आहे ते सांगायला गेले की शब्द अडतात. तसेच काहीसे हे आहे. चाल पाहायची तर एका पावलावर नजर ठेवून भागत नाही, एका पावलातून दुसरे कसे निघते ते पाहावे लागते. हे कळायला मला बराच काळ लागला, आणि त्याचे एक कारण आम्हाला ज्या पद्धतीने इंग्रजी लिहायला शिकवले त्यात आहे असे मला वाटते.

चाररेघी वहीत कर्सिव्ह गिरवताना सगळे कौतुक मोठ्या अक्षरांच्या वाट्याला जात असे. जी काढायचा म्हणजे केवढी हौस, डब्ल्यूच्या सुरुवातीचा तो वेलबुट्टीसारखा फेरा, आणि झेड जमला तर बाई ती वही वर्गाला दाखवत. लहान अक्षरे एकेक करून घोटून घेतली जात, पण ती एकमेकांना जोडायची कशी हे कुणी सांगितले नाही. ते आपोआप येईल असे धरलेले होते. ते आपोआप येत नसे. लहान बी संपतो वर, कमरेपाशी, आणि त्याच्यामागून येणारा आर वहीत शिकवल्याप्रमाणे तळरेघेवरून सुरू व्हायचा असतो. पेन मध्येच अडखळे, शाईचा ठिपका पडे, आणि त्या ठिपक्यावरून पुढचा आर कसाबसा वर चढे. ओ, व्ही आणि डब्ल्यू यांची रडकथा तीच. देवनागरी वाचणाऱ्या डोळ्याला जोड वर शोधायची सवय असते. शिरोरेघ सगळ्यांना एकाच उंचीवर बांधते आणि पुढच्या अक्षराला कुठून सुरुवात करायची हा प्रश्नच पडू देत नाही. रोमन जोडलिपीत तो प्रश्न जवळजवळ प्रत्येक शब्दात पडतो. वहीतली ती अडखळ माझ्या हाताची आहे असे मी तेव्हा समजत होते. ती त्या वळणातच आहे, आणि अक्षरे घडवणाऱ्या प्रत्येकाला ती कुठे ना कुठे गाठते.

पण जोडांकडे येण्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा लागतो: हे अक्षर कोणत्या हत्याराचे आहे? बोरूसारखे तिरपे कापलेले टोक असेल तर रेघेची जाडी दिशेवर ठरते. टोक एकाच कोनात धरलेले असते, हात वळला की रेघ आपोआप जाड किंवा बारीक होते. टाकाचे अणकुचीदार, दाबले की फाकणारे टोक असेल तर जाडी दाबावर ठरते: खाली येणारी रेघ भरते आणि वर जाणारी केसाइतकी बारीक होते. पहिल्या जातीतून इटलीतल्या दरबारी लेखनिकांचे वळण आले, दुसरीतून इंग्लंडमधले राउंडहँड. लेखनगुरूंनी आपले कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतले, आणि कोरणाऱ्याचे हत्यार टाकापेक्षाही बारीक रेघ काढू शकत असल्यामुळे छापलेला कित्ता हाताला कधीच साधणार नाही इतका नाजूक दिसू लागला. आजही या घराण्यातल्या फॉन्टची झेरॉक्स काढली की आधी त्या बारीक रेघा नाहीशा होतात आणि जाड रेघांचे तिरपे तुकडे तेवढे उरतात. कुंचल्याची जात तिसरी, आणि सगळीकडे एकाच जाडीची, गोल टोकाच्या पेनाने काढल्यासारखी रेघ ही चौथी. १९३६चा कॉफमन या चौथ्या जातीचा आणि १९४२चा ब्रश स्क्रिप्ट कुंचल्याचा. दोन्ही जोडलेले, दोन्ही अमेरिकन, आणि 'जुन्या जाहिरातीतला तो फॉन्ट' एवढ्या वर्णनावर लोक एकाच्या जागी दुसरा मागतात. रेघ जाड-बारीक होते का एवढे पाहिले तरी हा घोळ मिटतो.

एकाच हत्याराच्या दोन फॉन्टमध्ये निवड करायची वेळ आली की खरी कसोटी लागते, आणि तिथे मोठी अक्षरे दगा देतात. राउंडहँडमधला मोठा टी आणि मोठा एफ हे मुळात एकच शरीर. एफला मध्ये एक छोटी आडवी रेघ मिळते, एवढाच फरक. आय आणि जे यांच्यात फरक पडतो तो जे तळरेघेखाली उतरतो म्हणून. क्यू पुष्कळदा इंग्रजी दोनच्या आकड्यासारखा दिसतो. म्हणजे एकाच फॉन्टमधली दोन मोठी अक्षरे एकमेकांशी जितकी मिळतात, त्याहून दोन वेगळ्या फॉन्टमधले सी एकमेकांशी अधिक मिळतात, कारण दोघांनीही तो सी जवळपास त्याच काळातल्या कित्त्यांवरून उचललेला असतो. मॅथ्यू कार्टर यांनी १९६०च्या दशकात केलेला स्नेल राउंडहँड हा चार्ल्स स्नेल या लेखनगुरूच्या वळणावर बेतलेला आहे. त्यांचाच १९७२चा शेली आहे जॉर्ज शेली या दुसऱ्या लेखनगुरूच्या नावाचा, आणि हे दोन्ही गुरू एकाच काळात लंडनमध्ये शिकवत होते. शेलीची तर आणखी गंमत आहे. तो आन्दान्ते, आलेग्रो आणि वोलान्ते अशा तीन प्रकारांत मिळतो. पहिल्यात मोठी अक्षरे संयमी, दुसऱ्यात थोडी खेळकर आणि तिसऱ्यात नुसती उधळलेली. लहान अक्षरे मात्र तिन्हींत जवळजवळ तीच. ज्या फॉन्टला स्वतःची मोठी अक्षरे टोपीसारखी बदलता येतात, तो त्या टोपीवरून कसा ओळखायचा?

म्हणून मी मोठी अक्षरे सरळ बोटाने झाकते.

त्या प्रमाणपत्राच्या बाबतीतही तेच केले. सी आणि एम झाकले, दोन्ही ओळींच्या मोठ्या छापील प्रती काढल्या आणि भिंग घेऊन बसले. पहिला सापडला तो आर. जुन्या ओळीत आरची रेघ वर गेल्यावर तिथे एक बारीकशी गाठ होती, मग उतरता खांदा, आणि त्या खांद्यावरून रेघ सरळ खाली तळाशी येऊन पुढच्या अक्षराकडे निघत होती. नव्या ओळीतला आर छापील तिरप्या अक्षरासारखा होता: उभी रेघ आणि तिच्या उजवीकडे वर लटकलेला थेंब. थेंबाकडून पुढे जायला रेघच नव्हती, तिथेच श्वास तुटत होता, आणि आर त्या ओळीत दोनदा येतो. मग टी पाहिले. जुन्यात आडवी रेघ उभ्या रेघेला दोन्ही बाजूंनी छेदत होती, नव्यात ती फक्त उजवीकडे निघाली होती. एफची खालची वेलांटी जुन्यात उजवीकडून वळून पुन्हा दांड्याला येऊन मिळत होती, नव्यात ती नुसतीच खाली उतरून टोकदार होत संपली होती. आणि शेवटी 'ऑफ'. जुन्या ओळीत ओच्या माथ्यावरून एक बारीक रेघ जरा झोल घेऊन थेट एफच्या कमरेत शिरत होती. नव्यात मात्र ओ वरून निघून आधी तळापर्यंत खाली येत होता आणि तिथून पुन्हा वर चढून एफला गाठत होता, जणू त्याच्यापुढे कोणते अक्षर आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. ते त्याला खरोखरच ठाऊक नव्हते.

ही अडचण शिशाच्या खिळ्यांइतकी जुनी आहे. खिळा चौकोनी, अक्षर तिरपे. त्यामुळे अक्षराचा काही भाग खिळ्याबाहेर लोंबकळत राहतो आणि जुळाऱ्याच्या हातून किंवा छपाईच्या दाबाखाली तोच आधी मोडतो. एका खिळ्यावरची रेघ दुसऱ्यावरच्या रेघेला भिडायची तर ती सगळ्या अक्षरांत नेमकी त्याच उंचीवर खिळ्याच्या कडेला यावी लागते. ए, ई, एन, एम, यू यांना हे सहज जमते. ओ, बी, व्ही, डब्ल्यू यांना नाही, कारण ते संपतात वर. मग उपाय दोनच: त्यांची शेवटची रेघ वाकवून खाली आणायची, नाहीतर फट राहू द्यायची. फ्रान्समध्ये फिर्मँ दिदो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी राउंडहँडसाठी तिरपे, एकमेकांत अडकणारे खिळे पाडले, अक्षरांचे तुकडे करून ते जोडायची सोय केली. देखणी गोष्ट, पण जुळाऱ्याच्या जिवाला घोर. फोटोटाइपसेटिंग, म्हणजे शिशाऐवजी प्रकाशाने फिल्मवर अक्षरे उमटवणे, आल्यावर खिळ्याची कडाच उरली नाही आणि एका अक्षराची रेघ दुसऱ्यावर निर्धास्त चढू लागली. स्नेल राउंडहँड याच सोयीचा फायदा घेऊन घडवलेला आहे. पण तिथेही प्रत्येक अक्षराचा आकार एकच होता. शेजारी कोण आहे हे पाहून रूप बदलणारे अक्षर मिळाले ते ओपनटाइप या संगणकी फॉन्टपद्धतीच्या काळात. २०१०मध्ये पाब्लो इम्पायारी यांनी काढलेला लॉब्स्टर यासाठीच मला आवडतो, जरी तो इतक्या पाट्यांवर चढला की आता पाहवत नाही. अक्षर जोडीसाठी वाकवण्याऐवजी त्यांनी जोड्याच स्वतंत्रपणे रेखाटल्या. त्यामुळे लॉब्स्टर आणि त्याच सुमाराचा पॅसिफिको यांच्यात गफलत झालीच तर रेघेची टोके पाहावीत, पॅसिफिकोची गोल आहेत. आणि तरीही शंका उरली तर ओ, बी यांच्यापुढे काय घडते ते पाहावे.

"पण मॅडम, हे कुणाला दिसणार आहे?" त्या मुलीने विचारले, आणि तिचा प्रश्न मला उद्धट वाटला नाही. दिसणार कुणालाच नव्हते. प्रमाणपत्र हातात घेणारा माणूस आधी स्वतःचे नाव बघतो, मग शिक्का, मग चौकट. माझे म्हणणे एवढेच होते की वरच्या ओळीची लय त्याच्या नजरेला न दिसताही लागते, आणि जुन्या प्रमाणपत्राशेजारी नवे भिंतीवर लागले की दोघांतले एक थोडे परके वाटेल. तिला ते पटले की नाही मला सांगता येणार नाही, पण तिने शोध सोडला नाही. पुढचे कितीतरी नमुने तिने 'ऑफ' एवढाच शब्द टंकून पाहिले, 'सर्टिफिकेट' लिहिण्याच्या भानगडीत ती पडलीच नाही, आणि तेव्हा मला वाटले की सांगायचे ते सांगून झाले आहे.

जिथे जोड नाहीत तिथे ही युक्ती चालत नाही, आणि नेमकी तिथेच सर्वांत जास्त गल्लत होते. हेर्मान झाप्फ यांचा १९७९चा झॅफ चॅन्सरी आणि मोनोटाइपचा कॉर्सिव्हा हे दोघे कटनिबच्या, म्हणजे तिरप्या कापलेल्या टोकाच्या, इटालियन वळणाचे, तिरपे आणि सुटे. घरातल्या समारंभाची पत्रिका, संस्थेचे मानपत्र, दुकानाचे लेटरहेड असे जे जे काही 'जरा शोभिवंत' हवे होते, ते दशकानुदशके या दोघांपैकी एकात छापले गेले. साम्याला कारणही आहे. झॅफ चॅन्सरी पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरमध्ये मुळातूनच बसवलेला असे. त्याच्या जागी वापरता यावा म्हणून कॉर्सिव्हाच्या अक्षरांची रुंदी त्याच्याशी जुळवलेली आहे. त्यामुळे एक काढून दुसरा घातला तरी ओळ त्याच शब्दावर मोडते आणि पानाचा आकार हलत नाही. दोघांना वेगळे करताना मात्र मला माझाच नियम मोडावा लागतो आणि मोठी अक्षरे उघडी करावी लागतात: कॉर्सिव्हाची मोठी अक्षरे सोळाव्या शतकातल्या लुदोविको देग्ली आर्रीगी या इटालियन लेखनगुरूच्या धाटणीवर वेलांट्या घेतात, डावीकडे झोके सोडतात, चॅन्सरी त्या मानाने आटोपशीर राहतो. राउंडहँडच्या घराण्यातही असा एक अपवाद आहे. १९०२चा जर्मन क्युन्स्टलर स्क्रिप्ट स्नेलशेजारी ठेवला तर भिंगाची गरज पडत नाही, कारण त्याची लहान अक्षरे मोठ्यांच्या तुलनेत इतकी बुटकी आहेत की त्याच पॉइंट आकारात ओळ दूर गेल्यासारखी वाटते.

या सगळ्या निरखण्याची एक किंमत आहे, आणि ती मला नेहमी सुखाने देता येत नाही. मध्यंतरी एक शुभेच्छापत्र आले. आत कुंचल्याच्या मोकळ्या अक्षरात चार ओळी होत्या, आणि क्षणभर वाटले की पाठवणाऱ्याने वेळ काढून स्वतः लिहिले आहे. मग एकाच शब्दातले दोन ई दिसले. दोन्हींचा डोळा सारखाच मिटलेला, दोन्हींच्या पोटात कोरड्या कुंचल्याचा तोच ओरखडा, त्याच जागी. हात एकच ई दोनदा काढू शकत नाही. मजकूर तोच होता, भावनाही खोटी नव्हती, पण त्या दुसऱ्या ईनंतर मला ते पत्र ऐकू येईनासे झाले. फॉन्ट करणाऱ्यांना हे माहीत नाही असे नाही. रोझे एक्सकोफों यांनी १९५३च्या मिस्ट्रालमध्ये अक्षरे तळरेघेवर थोडी वरखाली नाचवली, म्हणून एका शब्दातली सारखी अक्षरेही चटकन डोळ्यात भरत नाहीत. रॉबर्ट स्लिमबाख यांनी माक्स काफ्लिश यांच्या हस्ताक्षरावरून केलेल्या फॉन्टच्या नंतरच्या आवृत्तीत शेजार पाहून अक्षराचे दुसरे रूप येते. झाप्फ यांच्या १९९८च्या झॅफिनोत तर पर्यायांची इतकी रेलचेल आहे की मॅकवर त्यात त्याचे स्वतःचेच नाव टंकले तर सारा शब्द मिळून एक सलग आकृती उमटते. हे लाड मला आवडतात, पण खरे सांगायचे तर ही रूपे नवख्याच्या हाती पडली की प्रत्येक अक्षराला शेपूट फुटते आणि शब्द वाचवत नाही. आणि या सगळ्यांना पुरून उरणारा प्रकार म्हणजे स्क्रिप्ट फॉन्टमध्ये आख्खा शब्द मोठ्या अक्षरांत टंकणे. एकमेकांना जोडायचे हे ज्यांना जन्मतः ठाऊक नाही अशी अक्षरे तिथे एका रांगेत उभी केलेली असतात.

ओळख पटली तरी नाव हाती येईलच असे नसते. अमेरिकेत अक्षरांच्या आकारांना कॉपीराइट मिळत नाही, तो मिळतो फॉन्टच्या सॉफ्टवेअरला. त्यामुळे तोच आकार नव्याने काढून दुसऱ्या नावाने विकणे तिथे सर्रास चालले. बिटस्ट्रीम या कंपनीचे फॉन्ट कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरबरोबर येत, आणि त्या यादीत मिस्ट्राल शोधणाऱ्याला तो सापडत नसे, कारण तिथे त्याचे नाव स्टकाटो २२२ होते. कोरोनेट हा आणखी एक स्क्रिप्ट फॉन्ट तिथे रिबन १३१ होऊन बसला होता. वर्षानुवर्षे कोरलड्रॉवर काम केलेल्या माणसांना आकार अचूक आठवतो आणि नाव भलतेच, तर पुस्तकातून शिकलेल्यांना नाव अचूक आठवते आणि आकार धूसर. दोघांची गाठ पडली की एकाच फॉन्टवरून तावातावाने भांडण होऊ शकते, आणि दोघेही बरोबर असतात.

आता फोटो टाकला की नाव सांगणाऱ्या सेवा आहेत, आणि मी त्या वापरते. सुरुवातीच्या सेवांना अक्षरे सुटी हवी असत. जोडलिपी दिली की त्या सगळ्या शब्दालाच एक अक्षर समजत आणि काहीतरी अचाट उत्तर देत. हल्लीच्या पुष्कळ बऱ्या आहेत, निदान घराणे तरी बरोबर सांगतात. पण त्यांनाही आणि मलाही एका ठिकाणी हात टेकावे लागतात. 'मिनिमम' हा इंग्रजी शब्द राउंडहँडमध्ये लिहून पाहावा: एकाच कलात, साधारण ५५ अंशांवर, त्याच त्या जाड तिरप्या रेघा आणि त्यांना सांधणाऱ्या त्याच त्या बारीक रेघा. त्यात आर नाही, एस नाही, टी नाही, वर संपणारे एकही अक्षर नाही. अशा शब्दाचा फोटो पाठवून कुणी फॉन्टचे नाव विचारले तर मी आणखी मजकूर मागते. पत्ता असला तर फारच उत्तम, कारण त्यात आकडे येतात, आणि स्क्रिप्ट फॉन्टमधले आकडे काढताना कित्ता समोर नसल्याने कारागिराने स्वतःचे काहीतरी केलेले असते. तेही नसेल तर स्नेल, शेली आणि आणखी दोन-तीन नावे लिहून पाठवते आणि त्यांतला कोणताही चालेल असे कळवते.